आज लागेल का?

दुकानातल्या माणसाने टन, स्टार, तांब्याची कॉइल, कॉम्प्रेसरची हमी असं सगळं एका दमात सांगून संपवलं, तेव्हा रुचिराने एवढंच विचारलं, "आज लागेल का?"

"आज?" तो हसला. "मॅडम, आज बुकिंग करा. उद्या डिलिव्हरी. मग कंपनीचा फोन येईल, त्यांचा माणूस येऊन साइट बघेल, मग फिटिंग."

"साइट म्हणजे आमची बाहेरची खोली. ती कुठे पळून जात नाही. संध्याकाळच्या आत लागेल असा कुठला आहे, तो दाखवा."

"आधी रूमचं बोला ना. किती जण झोपतात रूममध्ये?"

"दोघं," ती म्हणाली. शब्द तोंडातून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. तिने तो दुरुस्त केला नाही.

बोरीवली स्टेशनसमोरचं ते दुकान इतकं गार होतं की तिच्या पाठीवरचा घाम थंड होऊन कुडता चिकटला होता. तिथे उभं राहावंसं वाटत होतं, याचाच तिला राग आला. ती बाहेर मे महिन्याच्या उन्हात आली आणि दहिसरची रिक्षा शोधू लागली.

जयवंत, तिचे वडील, सोमवारी गेले. आज चौथा दिवस. दहिसरच्या त्या दोन खोल्यांच्या घरात, बाहेरच्या खोलीत खिडकीखाली, जिथे त्यांना ठेवलं होतं तिथे, ताटलीत पीठ पसरून त्यावर दिवा लावला होता. दिवा दहाव्यापर्यंत विझू द्यायचा नाही. चंद्रप्रकाशकाका, वडिलांचे धाकटे भाऊ, विरारहून त्यासाठीच येऊन राहिले होते. पहिल्याच रात्री पंख्याने ज्योत हलली, तेव्हा त्यांनी पंखा बंद केला आणि कुणी चुकून लावू नये म्हणून बटणावर चिकटपट्टी मारली. भेटायला येणाऱ्यांसाठी दारही काकांच्या सांगण्यावरून दिवसभर उघडं. माणसं येत, घाम पुसत, "फार वाईट झालं" म्हणत आणि लवकर उठत.

आई, रत्नप्रभा, मात्र उठू शकत नव्हती. ती चटईवर दिव्याजवळ बसून असायची. आज सकाळी कुणाला तरी पाणी द्यायला म्हणून उठली आणि भिंतीला धरून खाली घसरली. गल्लीतले डॉक्टर आले, नाडी बघितली, छताच्या बंद पंख्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हा उकाडा यांना झेपणार नाही. गार खोलीत ठेवा, नाहीतर मला अॅडमिट करायला लावाल."

मग मुलुंडहून नितेशचा फोन. धाकटा भाऊ. त्याने पटकन निर्णय घेतला, तो नेहमीच पटकन घेतो.

"ताई, ठरलं. ऑफिस सुटलं की मी गाडी घेऊन येतो. आपल्याकडे दोन्ही बेडरूमला एसी आहे. आईला घेऊन जातो."

"आणि दहावं?"

"दहाव्याला आणू ना गं. एका दिवसासाठी." तो जरा थांबला. "आणि मग पुढे तिने एकटीने तिथे राहायचं तरी कशाला? आता हलवायचीच आहे, तर एकदाच हलवू."

एकदाच. रुचिराने तो शब्द ऐकला, आणि फोन स्पीकरवर असल्यामुळे चटईवर डोळे मिटून पडलेल्या आईनेही ऐकला.

"मी माझ्या दारातून हलायची नाही," आई म्हणाली. डोळे न उघडता.

"बघ, हट्ट सुरू झाला. आई, तुला तिथे एसी असता तर मी एक शब्द बोललो नसतो."

"नसतास बोलला?" रुचिराने विचारलं.

"नसतो."

"आई साक्षीला आहे हं, नित्या."

तिने पर्स उचलली. काकांनी तिच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. "रुचे, खय चललंस? सुतकात नवी वस्तू घरात येवची नाय. वरीस होईसर नाय." ती चपला घालत होती. "आणि तो वारो लागान दिवो इझलो तर?" काका जिन्याच्या कठड्यावरून विचारत राहिले.

काका वाईट माणूस नव्हते. भावासाठी त्यांना जे करता येत होतं ते एवढंच होतं, आणि ते जिवापाड करत होते. पण ते करताना समोरची बाई शिजते आहे हे त्यांना दिसत नव्हतं.

दहिसरला परतताना रिक्षात रुचिराने एकेक पर्याय खोडून काढला. स्प्लिट नको. त्याचं बाहेरचं धूड भिंतीवर टांगायला सोसायटीच्या कमिटीची परवानगी लागते, आणि कमिटीची मीटिंग सेक्रेटरी गावाहून आल्यावर. शिवाय भिंतीला भोक पाडायचं, तेही दिव्याच्या डोक्यावर. खिडकीतला एसी चालला असता, पण खिडकीला वडिलांनी बसवून घेतलेली जाडजूड ग्रील. ती कापायला वेल्डर हवा. नाक्यावरचा वेल्डर लग्नसराईला मुलखात गेलेला. तिने फोनवर दोन ठिकाणी विचारलं. एकाने शनिवार सांगितला. दुसऱ्याने "आज शंभर टक्के" सांगितलं आणि पत्ता विचारायच्या आतच "मॅडम, आज म्हणजे उद्या" असं केलं.

या घरात एसी कधीच का आला नाही, त्याचंही कारण तीच खिडकी. बाबांचं म्हणणं होतं की आपल्याकडे नदीवरचा वारा येतो, एसी कशाला? येतही असे. संध्याकाळी ते खिडकीशी उभं राहून दुसऱ्या दिवशीच्या शर्टाला इस्त्री करत, तेव्हा पडदा त्यांच्या पाठीवर फडफडत असायचा. मग समोर टॉवर उभा राहिला आणि वारा थांबला. बाबा मात्र निवृत्त झाल्यावरही त्याच वेळेला तिथेच इस्त्री करत राहिले. घामाने निथळत म्हणायचे, "आत्ता सुटेल बघ." रुचिरा हसायची. अंधेरीला आपल्या घरी गेल्यावर एसी लावताना तिला ते आठवायचं. गेले चार दिवस ती त्या आठवणीला हात लावत नव्हती.

हर्षदभाईंचं दुकान त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी होतं. मिक्सर, पंखे, इस्त्र्या. ती तिथे मिक्सरचं भांडं घ्यायला जायची, एसीसाठी तिला ते आठवलंही नव्हतं. पण रिक्षा वळताना तिने बघितलं, हर्षदभाई गल्ल्यावर बसलेत आणि त्यांच्या बाजूला कमरेएवढी एक पांढरी पेटी उभी आहे. पेटीच्या पाठीतून हत्तीच्या सोंडेसारखा पाइप निघून शटरच्या बाहेर गेलाय.

"हे काय आहे?"

"या बेन." ते उठून उभे राहिले. "जयवंतभाईंचं समजलं. मी येणार होतो, पण दुकान... इस्त्रीची कॉइल नेली होती त्यांनी माझ्याकडून, होळीच्या आधी. बसा ना."

"हर्षदभाई, हे काय आहे?"

"हा? हा चाकवाला एसी. पोर्टेबल बोलतात."

"लागायला किती वेळ?"

"लागायला काय, लावायचाच नाही. पाइप खिडकीत द्यायचा, मोठ्या प्लगमध्ये पिन घालायची. पण बेन, हा घेऊ नका. माझं ऐका. आवाज किती करतो बघा. लाइट खातो. स्प्लिटच्या अर्धं पण गार करत नाही."

"नवा आहे तुमच्याकडे? पेटीतला?"

"एक आहे. दोन वर्षं पडलाय, कोण घेत नाही. सांगतो ना, माझ्या दुकानातला सगळ्यात खराब एसी आहे हा."

"सगळ्यात लवकर लागणारा आहे ना?"

हर्षदभाईंनी विचार केला. "ते आहे."

"मग द्या."

त्यांनी हात जोडल्यासारखं केलं आणि माळ्यावरून पेटी काढून घेतली. रिक्षात चढवताना मात्र त्यांचा आवाज बदलला. "एक लक्षात ठेवा. उभाच न्यायचा. आडवा झाला ना, तर गॅस खाली बसेपर्यंत चालू करता येत नाही. आजचा दिवस गेला समजा."

म्हणून तिने ती पेटी रिक्षाच्या पायाकडे उभी केली आणि दोन्ही हातांनी कवटाळून धरली. गल्ली ती केवढी, पण तीन ठिकाणी खणलेली. प्रत्येक खड्ड्याला पेटी कलायची आणि ती खांदा लावून सरळ करायची. रिक्षावाल्याने आरशात बघून विचारलं, "मॅडम, अंदर काच है क्या?"

"नहीं. टाइम है," ती म्हणाली. त्याला काही कळलं नाही, पण तो हळू चालवू लागला. जिन्यावर त्याने खालची बाजू धरली, तिने वरची. दर वळणावर दोघं थांबत होते. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिचे तळहात लालभडक झाले होते.

दारात काका. उघड्या दारात, दोन्ही हात चौकटीला.

"रुचे."

"काका, जरा बाजूला व्हा. हे आडवं होता कामा नये."

"नवी वस्तू मा ही?"

शेजारच्या दारातून कुणीतरी डोकावून बघतंय, खालच्या मजल्यावरचं दार किलकिलं झालंय, हे काकांनाही दिसलं. त्यांनी आवाज खाली आणला. त्यात राग कमी, विनवणी जास्त होती. "बरा, लोकांका सांग वापरलेलो असा म्हणान. कोणाचो तरी आणलंय म्हणान सांग. मी पण तसाच सांगतंय."

सुटायला वाट चांगली होती. रुचिराने मान हलवली.

"कोराच आहे, काका. आत्ता घेतला. पण या घरात सुतक आहे, माझं नाही. काल तुम्हीच म्हणालात ना? लग्न झालेल्या लेकीचं सुतक तीन दिवसांचं, तुझं सुटलं, तू आता त्या घरची."

काल त्यांनी ते म्हटलं होतं खरं. सगळे जेवायला बसले असताना, सहज, पंचांगातली तिथी सांगावी तसं. रुचिरा काल घास गिळून उठून गेली होती आणि मोरीत नळ सोडून उभी राहिली होती.

"मग ही वस्तू त्या घरची," ती म्हणाली. "अंधेरीची. माझी. मी माझ्या आईला वापरायला आणली आहे. तुमच्या घरात नवं काहीच आलेलं नाही."

"ह्या काय बोलणा?"

"तुमचंच आहे. मी फक्त शेवटपर्यंत बोलले."

रिक्षावाल्याला मराठी थोडंफार येत असावं. तो पेटीमागे तोंड लपवून खोकला. काकांचे हात चौकटीवरून खाली आले.

पेटी आत आली, उघडली, पाइप बसला. आणि तिथे सगळं अडलं.

पाइप आखूड होता. खिडकीच्या फटीत त्याची पट्टी बसवायची तर यंत्र खिडकीला अगदी खेटून ठेवायला हवं. मोठा प्लगही घरात तेवढा एकच, खिडकीखाली, बाबांच्या इस्त्रीचा. आणि त्या प्लगच्या बरोबर खाली ताटली, पीठ आणि दिवा.

"बघ," काका म्हणाले. त्यांच्या बोलण्यात जिंकल्याचा सूर नव्हता, सुटल्याचा होता. "आता काय करतलंस? दिवो हलवूचो नाय. जीव जंय गेलो, थयसरच दिवो. तेका वाट खयची गावतली मगे?"

रुचिरा पाइप हातात घेऊन उभी होती. दुकानांशी, वेल्डरशी, सोसायटीशी, काकांशी, सगळ्यांशी भांडून झालं होतं. दिव्याशी कसं भांडायचं, ते तिला येत नव्हतं. बाबांच्या नावाचा तेवढाच उजेड घरात होता. समोरच्या टॉवरच्या काचांवर ऊन उतरलं होतं. नितेश आता ऑफिसातून निघाला असेल.

"रुचे," चटईवरून आई म्हणाली. "हे इथे गेले नाहीत."

दोघंही वळली.

आई उठून बसली होती. केस मानेला चिकटलेले, ओठ कोरडे. पण आवाज स्वच्छ होता. "इथे नाही गेले हे. स्वयंपाकघरात गेले. ओट्यापाशी. मी कोकम काढत होते आणि हे म्हणाले, साखर कमी घाल. मी म्हटलं, तुमच्यासाठीच कमी घालतेय. उत्तर आलं नाही म्हणून मागे बघितलं, तर पाटावर बसल्याबसल्या भिंतीला टेकलेले. तिथेच. मग शेजारच्या दोघांनी उचलून इकडे आणलं, डॉक्टरला बघायला सोपं पडेल म्हणून."

काकांनी ताटलीकडे बघितलं. "वैनी, मी इलंय तेव्हा दादा हयसर..."

"तुम्ही आलात तेव्हा इथे होते. तुम्ही तिथल्या तिथे दिवा लावलात."

"तुमी सांगूक नाय."

"मला कुणी विचारलं?" आईने नेहमीच्या सुरात विचारलं, जसं मीठ संपलंय का विचारावं. "नितेशने डॉक्टरला विचारलं. तुम्ही भटजींना विचारलंत. हिने..." तिने रुचिराकडे बघितलं. "हिने शेजारणीला विचारलं. मला सगळे पाणी पी म्हणत होते."

रुचिराने हातातला पाइप खाली ठेवला. चार दिवस चुकीच्या जागी दिवा जळत होता आणि त्याच्यासाठी पंखा बंद होता.

आई भिंतीला धरून उठली. काका पुढे झाले, तेव्हा तिने त्यांना हाताने थांबवलं. वाकली. ताटली उचलली. ज्योत आडवी झाली, निळी झाली. काका श्वास रोखून बघत होते. आईने पदराचा आडोसा केला आणि एकेक पाऊल टाकत स्वयंपाकघरात गेली. ओट्याच्या कोपऱ्यात, जिथे पाट उभा करून ठेवला होता, तिथे ताटली ठेवली. वात पुढे सारली. ज्योत सरळ उभी राहिली.

"आता इथे," ती म्हणाली. "सहा दिवस राहिले आहेत ना? ते तरी बरोबर जागी."

काका तिच्या मागोमाग उंबऱ्यापर्यंत गेले होते. तिथेच खाली बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी मोठ्या भावाला दोन्ही हात जोडून नमस्कार केला, त्या कोपऱ्यात. मग उठले, बाहेरच्या खोलीत आले आणि नखाने बटणावरची चिकटपट्टी काढायला लागले. ती निघेना. रुचिराने पुढे होऊन दुसरं टोक धरलं. पट्टी निघाली तेव्हा बटणाचा थोडा रंगही निघाला. पंखा धुळीसकट फिरायला लागला.

यंत्र खिडकीला खेटून बसलं. पट्टी बसली. बाबांच्या इस्त्रीच्या प्लगमध्ये पिन घालताना रुचिराचा हात क्षणभर तिथेच राहिला. मग तिने बटण दाबलं. हर्षदभाई खोटं बोलले नव्हते. ट्रक उभ्या जागी चालू ठेवावा तसा आवाज झाला, खिडकीची काच थरथरली, आणि मग त्या पेटीच्या तोंडातून पहिली गार झुळूक आली. बाजूला सारलेला खिडकीचा जुना पडदा हलला.

"सुटला," आई म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती. पाठ गारव्याकडे, तोंड दिव्याकडे. मध्ये भिंतीचा कोपरा होता, तिथून वारा आत जात नव्हता. रुचिराने तिच्या मानेवर ओला पंचा ठेवला, तो बाबांचा होता. आईने तो हाताने चाचपला आणि राहू दिला.

"आवाज फार करतं गो हे," थोड्या वेळाने ती म्हणाली.

"हर्षदभाई म्हणाले, दुकानातलं सगळ्यात खराब आहे."

"मग आणलंस कशाला?"

"आज लागणारं हेच होतं."

आईच्या खांद्यांना हिसका बसला. रुचिरा घाबरून पुढे वाकली, तर आई हसत होती. चार दिवसांनी. हसता हसता तिने पंच्याने डोळे पुसले, आणि मग बराच वेळ पुसत राहिली.

जिन्यावर बूट वाजले. नितेशचे. तो दोन पायऱ्या एकदम चढतो, लहानपणापासून. उघड्या दारात येऊन तो थांबला. गाडीची चावी हातात, काखेत आईच्या कपड्यांसाठी आणलेली रिकामी बॅग. त्याने खिडकीकडे बघितलं, पाइपकडे बघितलं, वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघितलं. काका यंत्रासमोर मांडी घालून बसले होते, शर्टाची वरची बटणं काढून. त्यांनी वर बघितलं आणि जरासे सरकले, जागा करावी तसे.

"हे काय?" नितेश म्हणाला. "ताई, हे कधी... दिवा कुठाय?"

रुचिरा बोलणार होती. सगळं मनात तयार होतं: एक शब्द बोलणार नव्हतास, आई साक्षीला आहे. पण आईने उंबऱ्यावरून हात वर केला आणि ती थांबली.

"दिवा त्याच्या जागेवर आहे," आई म्हणाली. "आणि मी माझ्या. बॅग ठेव तिथे. कोकम पिऊन जा, साखर कमी आहे."

"आई, पण डॉक्टर म्हणाले ना..."

"गार खोलीत ठेवा म्हणाले. ही काय आहे?"

नितेश चौकटीतच उभा होता. आत यावं की बाहेर, ते त्याला ठरवता येत नव्हतं. त्याच्या पायांवरून गार हवा जिन्याकडे चालली होती. काकांनी दाराकडे बघितलं. सुतकाच्या घराचं दार उघडं ठेवतात हे त्यांनीच सांगितलं होतं. आता त्यांनी शर्टाचं आणखी एक बटण काढलं.

"नित्या," आई म्हणाली, "आत ये आणि दार लाव. हवा बाहेर जातेय."